डावा हात

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा मी गाइड कॅप्टन होते. हे पद मी मागून घेतलेलं नव्हतं. नवीन पनवेलच्या आमच्या शाळेत ते फिरत फिरत कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडायचं. त्याआधी काही वर्षं ते माझ्याकडे आलं, तेव्हा स्टाफरूममध्ये मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्या तर घरातच आहे की हे. वडील स्काउट मास्तर होते ना?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या डोक्यावरचं काम दुसऱ्याच्या डोक्यावर जाताना माणसं किती मनापासून टाळ्या वाजवतात, ते पाहून मला हसू आलं. मी बरं म्हटलं आणि हाती दिलेली पुस्तिका खणात ठेवून दिली.

घरात होतं हे खरं, पण माझं नव्हतं. बाबा जुन्या पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि तिथलं स्काउट पथक चालवायचे. पथक मुलांचं. मुलींचं जे असतं त्याला गाइड म्हणतात, ते ना त्या शाळेत होतं ना माझ्या. शनिवारी दुपारी आई शिवणाच्या क्लासला जायची, म्हणून बाबा मला बरोबर न्यायचे. मैदानाच्या पायऱ्यांवर बसून मी दोरांची भेंडोळी सांभाळायचे. बसल्या बसल्या मला सगळ्या गाठी यायला लागल्या, पुष्कळ मुलांच्या आधी. पण परीक्षा त्यांची व्हायची आणि बिल्लेही त्यांनाच मिळायचे. मला याचा राग यायचा आणि तो मी लपवायचे नाही.

सगळ्यात जास्त राग एका गोष्टीचा होता. स्काउट एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. बाबा नव्या मुलांना सांगायचे, "लढणाऱ्याच्या डाव्या हातात ढाल असते. ती खाली ठेवली तरच डावा हात मोकळा होतो. म्हणजे काय, तर माझा तुझ्यावर विश्वास आहे." इथपर्यंत कुठल्याही पथकात सांगतात तेच. पण बाबांच्या पथकाने त्या हस्तांदोलनात स्वतःचं काहीतरी घातलं होतं, बोटांची एक खूण. नवा मुलगा झेंड्यासमोर उभा राहून वचन म्हणायचा, की स्काउटचे नियम पाळीन वगैरे, आणि मग बाबा त्याचा डावा हात हातात घ्यायचे. तेव्हा त्यांची पाठ नेमकी माझ्याकडे असायची. मुलगा रांगेत परत जाताना हसू दाबत असायचा. काय केलं रे, म्हणून विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "सांगत नाय."

त्या मुलांत एक संघनायक होता, म्हणजे एका तुकडीचा म्होरक्या. मोहल्ल्यातल्या एका कोकणी मुसलमान दुकानदाराचा मुलगा, तेव्हा नववीत असेल. मी त्याला भाई म्हणायचे आणि पुढेही आयुष्यभर भाईच म्हणत राहिले. तो मला चिंचा पाडून द्यायचा, माझा झाडाला अडकलेला पतंग काढून द्यायचा. खूण मात्र त्यानेही सांगितली नाही. "बाय, दुसरं काय पन माग. सरांना शब्द दिलाय."

शेवटी एकदा घरी मीच बाबांसमोर डावा हात पुढे केला. ते सदरा इस्त्री करत होते. म्हणाले, "ते पथकाचं आहे. वचन घेतल्याशिवाय मिळत नाही."

"मग घेते की वचन."

"मुलींचं पथक नाही ना आपल्याकडे, बाळा."

आणि त्यांनी माझ्या पुढे केलेल्या हातावर खिशातली लिमलेटची गोळी ठेवली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "डाव्या हातात खाऊ देऊ नका हो तिच्या." आमच्या घरी डाव्या हाताने काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, साधं मीठसुद्धा पुढे सरकवायचं नाही. बाबांचं डाव्या हाताचं हस्तांदोलन आईला कधीच पटलं नव्हतं, ते तिने मैदानापुरतं चालवून घेतलं होतं. मुलांमध्ये डावं-उजवं न करणारा मास्तर म्हणून गावात बाबांचं नाव होतं. मी गोळी उजव्या हातात घेतली आणि कडकडा चावून खाल्ली.

पथकाची शिबिरं आपट्याला व्हायची, पाताळगंगेच्या काठी. मुलं पाठीवर वळकटी बांधून पनवेलहून चालत जायची. तंबू म्हणजे ताडपत्री आणि बांबू. चुली तिथेच खणायच्या, खिचडी करपवायची आणि करपलेली खायची. मी कधी गेले नाही. मला शिबिर माहीत होतं ते बाबांच्या परत आलेल्या कपड्यांवरून. आई ते तीनतीनदा धुवायची, तरी धुराचा वास जायचा नाही.

माझ्यावर गाइडचं काम पडलं तोवर हे सगळं बदललं होतं. आमचं एक दिवसाचं शिबिर एका फार्महाउसवर होई. बस दारात येई. तंबू आधीच उभे करून ठेवलेले असत, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायचे. जेवण केटररचं, पनीरसकट. पालकांच्या ग्रुपवर तासातासाला फोटो गेले नाहीत तर फोन सुरू होत, "मिस, आमची दिसत नाही कुठल्याच फोटोत." शेकोटी पेटवायला परवानगी नव्हती, म्हणून मधे लाल बल्ब ठेवून त्यावर जिलेटिनचा कागद लावत आणि पंखा सोडत. कागद फडफडला की मुली टाळ्या वाजवत. मी मुलींना नावं ठेवत नाही, त्यांना मजा येत होती. मला स्वतःला त्यात काहीच वाटायचं नाही. पुरस्कार मिळाला तर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलींना पाठवत होते आणि म्हणून आम्ही ते चालवत होतो. स्पष्टच सांगायचं तर सगळेच पाट्या टाकत होतो.

गंमत म्हणजे बाबांची याबद्दल काही तक्रार नसे. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांचं पथक त्यांच्यामागे एकदोन वर्षं चालून थांबलं होतं. एकदा मी त्यांना आमच्या शाळेतल्या 'खरी कमाई'ला घेऊन गेले. बाबांच्या वेळी खरी कमाई म्हणजे मुलं घरोघर जाऊन काम मागायची. कुणाची सायकल पूस, कुणाच्या दुकानातली फळी लाव. लोक चार आणे, आठ आणे हातावर ठेवायचे. आता मैदानात स्टॉल लागतात. बाबांनी एका स्टॉलवर इडली घेतली आणि गणवेशातल्या मुलीला विचारलं, "छान झालीय. कुणी केली?" ती म्हणाली, "मम्मीने." बाबा म्हणाले, "मग मम्मीला शाबासकी सांग." मला त्या मुलीपेक्षा बाबांचाच राग आला. कधीतरी चिडा की, असं वाटलं.

तिथेच त्यांनी एका मुलीच्या गळ्यातला स्कार्फ बोटाने जरा उचलून पाहिला. पूर्वी स्कार्फ तिकोनी घडी घालून गळ्यात बांधायचा असे. आता दुकानात तयार शिवलेला मिळतो, मागे इलॅस्टिक असतं, डोक्यातून घातला की झालं. "गाठ कुठंय?" बाबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "शिवूनच येतो तो, बाबा." त्यांनी इलॅस्टिक ताणून सोडलं. "बरंय. सुटायची भीती नाही," म्हणाले.

येताना त्यांनी खारघरजवळच्या ओवे गावाकडून जाऊ म्हटलं. पूर्वी तिकडच्या टेकाडांवर ते मुलांना माग काढायला न्यायचे. पुढची तुकडी वाटेवर दगडांच्या खुणा ठेवत जायची आणि मागच्या तुकडीने त्या शोधत यायचं. मी खारघरच्या रस्त्यांवरून स्कूटर हाकत राहिले आणि बाबा मागे बसून एक ओढा शोधत राहिले. सगळीकडे टॉवर. एका फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "किधर जाना है अंकल?" बाबा म्हणाले, "किधर नहीं." मग आम्ही उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो.

पक्षाघात त्यानंतर काही वर्षांनी आला, सकाळी, दात घासताना. उजवी बाजू पूर्ण गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बाहेरच्या खोलीत त्यांच्यासाठी पलंग टाकला. डॉक्टरांना मी एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारली, यांना कळतं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. कधी आतून सगळं कळत असतं आणि बाहेर येत नाही, कधी आतही काही उरलेलं नसतं. बोलत राहा त्यांच्याशी. मी बोलत राहिले. शाळेतलं सांगायचे, भाजीचे भाव सांगायचे. बाबा छताकडे बघत असायचे, कधी माझ्याकडे बघायचे, पण खिडकीकडे बघावं तसंच.

मी तेव्हा रडले नाही. लोकांना वाटलं मी खंबीर आहे. मी खंबीर वगैरे काही नव्हते, मला काही जाणवतच नव्हतं. विचुंब्याच्या माझ्या घरून सकाळी शाळा, शाळेतून आईबाबांकडे, तिथून घर. जेवले का, म्हणून कुणी विचारलं तर आठवायला वेळ लागायचा. त्यांची उजवी बाजू बधिर झाली होती, माझ्या दोन्ही. मला फक्त एक कळायला हवं होतं, बाबा आत आहेत की नाहीत. असतील तर त्यांच्याशी त्या पद्धतीने वागता आलं असतं. नसतील तर तसं. हे अधलंमधलं मला जमत नव्हतं.

आईने तिचं उत्तर ठरवून टाकलं होतं. ती बाबांचं सगळं करायची, डोळ्यांत तेल घालून करायची, पण त्यांच्याशी बोलायची थांबली होती. त्यांच्याविषयी बोलायची, आणि तेही त्यांच्या पलंगाशी उभं राहून. "आता काही राहिलं नाही हो त्यांच्यात," शेजारणीला सांगायची. झालंच काही तर कुणाकुणाला कळवायचं, हेसुद्धा तिने त्यांच्या उशाशीच बसून माझ्याशी बोलायला घेतलं. मी म्हटलं, "आई, आत चल." ती म्हणाली, "का? त्यांना कुठे कळतंय?" मला चिडायला हवं होतं. मी उठून कुकर लावला.

आणि या सगळ्यात बाबांचा डावा हात होता. तो धड होता. घरी आणल्यापासून कुणी भेटायला आलं की तो हात चादरीतून बाहेर यायचा, कोपरात जरा वाकलेला, तळवा उघडा, समोरच्याकडे. दिवसभर सांभाळायला ठेवलेल्या मावशी आपल्या परीने अर्थ लावायच्या, "पानी पायजे असंल." त्या हातात पेला द्यायच्या. बाबा पेला घ्यायचे नाहीत, पाणी चादरीवर सांडायचं. मग मावशी म्हणायच्या, "नाय, भांडं पायजे व्हतं वाटतं."

भेटायला येणारे कोण? बहुतेक त्यांचे विद्यार्थी, त्यातही पुष्कळसे पथकातले, आता पोटं सुटलेले, केस पिकलेले. पण आजारी गुरुजींच्या खोलीत आपला माणूस काय करतो? वाकतो. ते आले की सरळ पायांशी जायचे, पायांवर डोकं ठेवायचे, डोळे पुसत पुसत मागे सरकायचे. पुढे आलेला हात त्यांच्या खांद्यावरून तसाच हवेत राहायचा. आईला मात्र तो दिसायचा आणि ती ओशाळायची. आयुष्यभर ज्या घरात डावा हात पुढे केला नाही, तिथे आल्यागेल्यासमोर डावा हात. ती पटकन तो मनगटाशी धरायची, चादरीखाली सरकवायची आणि वर म्हणायची, "राग मानू नका हं. त्यांना आता उजवं-डावं कळत नाही." मग पाहुण्याने निघताना प्रसादाचा पेढा दिला तर ती तो बाबांच्या उजव्या हातावर ठेवायची, त्या मेलेल्या हातावर, आणि पुन्हा उचलून त्यांच्या तोंडात घालायची.

भाईसुद्धा आला. तो पुष्कळ वर्षं कुवेतला होता, सुटीवर आला होता. आता चांगला पन्नाशीचा, दाढी पांढरी. खजुराचा डबा घेऊन आला. भाई काही पायांवर वाकणारा नव्हता, मला वाटलं, हा नुसता बसेल. तो पलंगाशी गेला, "सर," म्हणाला, आणि त्याने चादरीवर पडलेला बाबांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्यात मोठ्या माणसाला तसं भेटतात, दोन्ही हातांनी, अदबीने. त्यांच्यातही डावा एकटा पुढे करत नाहीत. बाबांचा डावा हात तेव्हा आईने चादरीखाली खोचलेला होता. तिथे चादर हलली, मी पाहिलं. मावशी पाणी आणायला गेल्या.

मी भाईला जिन्यापर्यंत सोडायला गेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भाई, ती खूण आता तरी सांग की."

तो रडत होता, त्यातही हसला. "नाय बाय. शब्द दिलाय." मग चपला घालता घालता म्हणाला, "पन सांगू का म्हनून आता कुनाला इचारनार. सर रायले नाय गं. नुसतं शरीर हाय."

त्यानंतर बाबांचा हात बाहेर येणं बंद झालं. कुणी आलं तरी चादरीखाली राहायचा. आई म्हणाली, शांत झालेत आता.

काही आठवड्यांनी जिल्हा मेळावा आला. मुलींची तोंडी परीक्षा होणार होती, म्हणून मी खणातली पुस्तिका काढली आणि हॉलमध्ये त्यांना दोन रांगांत समोरासमोर उभं केलं. तयारी म्हणजे घोकंपट्टी. हस्तांदोलन कोणत्या हाताने? डाव्या. का? ढाल. परीक्षक एवढंच विचारतात. सगळ्यांनी हात पुढे केले, एकीने केला नाही. विचुंब्याच्या एका नव्या सोसायटीत राहणारी मुलगी, तशी चुणचुणीत.

"काय गं?"

"मिस, मी घरी प्रॅक्टिस करत होते ना, तर आजी ओरडली. पाहुणे होते. म्हणाली डावा हात नाही द्यायचा. आणि माझा हात असा केला." तिने करून दाखवलं. उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरलं आणि ओढणीखाली दाबून टाकलं.

बाकीच्या हसल्या. मी शिकवल्यासारखं सुरू केलं, "आजीला सांगायचं, लढणाऱ्याच्या डाव्या हातात ढाल असते. ती खाली ठेवली तरच..." त्या मुलीने केलेली ती हालचाल मी आईला कितीतरी संध्याकाळी करताना पाहिलं होतं. धरायचं, दाबायचं, झाकायचं. मी खेळाच्या सरांना मुलींकडे बघायला सांगितलं, पर्स घेतली आणि फाटकाबाहेर येऊन सहा आसनी रिक्षात बसले. रिक्षा भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. मी त्याच्यावर ओरडले, हे मला आठवतं, कारण त्या महिन्यांत मी कुणावरच ओरडले नव्हते.

घरी आई पलंगाशेजारी लसूण सोलत बसली होती. मावशी नुकत्याच गेल्या होत्या. मी हातपाय न धुता तशीच बाबांजवळ गेले आणि माझा डावा हात त्यांच्यासमोर धरला.

"अगं, डावा काय देतेस!" आई म्हणाली.

"थांब जरा," मी म्हटलं.

बाबा छताकडे बघत होते. मग हाताकडे बघायला लागले. किती वेळ ते मला माहीत नाही. माझा हात दुखायला लागला होता आणि मला वाटलं, झालं, हेही काही नाही. तेवढ्यात चादर हलली. हात बाहेर आला आणि माझ्या हातात आला. पुस्तिकेत लिहिलंय तसं मी तो धरला, हलवला आणि सोडायला गेले. त्यांनी सोडला नाही.

त्यांची बोटं माझ्या तळव्यात हलायला लागली. आई घाबरली, "झटका येतोय का गं? डॉक्टर म्हणाले होते, असे झटके येतात." पण बाबांच्या कपाळाला आठी पडली होती, आणि ती आठी मी ओळखत होते. पायऱ्यांवर बसून मी ती शंभरदा पाहिली होती, मुलगा चुकीची गाठ मारायचा तेव्हाची. त्यांनी माझी बोटं सोडवली. एक एक करून पुन्हा लावली. दाबली. मग हात थोडा मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला, म्हणजे आता तू कर. मी केलं. चुकलं. पुन्हा बोटं सोडवली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा मला जमलं असावं, कारण त्यांनी एकदाच घट्ट दाबून हात सोडला आणि डोळे मिटले. दमले होते.

बोटांचं नेमकं काय केलं, ते मी इथे लिहीत नाही. ते पथकाचं आहे.

"काय चाललं होतं हे?" आईने विचारलं. मी सांगितलं. ती लसणाची सालं गोळा करत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुला वाटतंय तसं. झटकाच होता तो." आणि खूण कशी असते ते मला तरी कुठे माहीत होतं? मी ती कधी पाहिली नव्हती, नुसत्या पाठी पाहिल्या होत्या. कदाचित खरंच झटका असेल. बोटं आखडत असतील आणि मी त्यात मला हवं ते बघत असेन. ज्यांना माहीत होतं त्यांतल्या एकालाच मी असं जाऊन विचारू शकत होते, भाईला, आणि तो कुवेतला परत जायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत न जाता मी बाजारात भाईच्या भावाच्या दुकानात गेले. भाई तिथेच होता, कुवेतला न्यायला मसाल्याची पाकिटं बांधत. मला बघून उभा राहिला, चेहरा उतरला. त्याला वाटलं, बाबा गेले, ते सांगायला मी आलेय.

"सर...?"

मी डावा हात पुढे केला. तो घोटाळला. बाईचा हात, तोही डावा, तोही भर दुकानात. त्याचा भाऊ गल्ल्यावरून बघत होता. पण स्काउटला डावा हात दिला की तो घेतोच. भाईने हात पुढे केला, आणि मी बाबांनी लावली तशी बोटं लावली.

त्याची बोटं आपोआप जागेवर गेली. माझ्या बोटांत बरोब्बर बसली. भाईचं तोंड उघडंच राहिलं.

"बाय, ही तुला कुनी दावली?"

"बाबांनी."

"कवा? ल्हानपनी?"

"नाही," मी म्हटलं. "काल."

भाई मागच्या पोत्यावर खाली बसला. माझा हात त्याने सोडला नव्हता.

"म्हंजे सर हायत," तो म्हणाला.

"आहेत," मी म्हटलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं.